काढलं तसं उलटं बसव

जिंतूरला एसटी अर्धी रिकामी झाली आणि मला खिडकी मिळाली. तिथून पुढं मंठ्याचा रस्ता. डिसेंबरचं कोवळं ऊन, वेचणी संपत आलेला कापूस, शेंगांनी वाकलेली तूर आणि मधूनच ज्वारीचा हिरवागार पट्टा. पूर्णेच्या खोऱ्यातली ही काळी जमीन हिवाळ्यात फार देखणी दिसते. चारठाणा फाट्यावर उतरलो तर मामेभाऊ मोटारसायकल घेऊन आधीच उभा.

"लई दिवसानं आलाव दादा," म्हणाला आणि माझ्या हातातली पिशवी हँडलला अडकवली.

चारठाणा माझं आजोळ. या खेपेला काम एकच होतं. मामा जाऊन तीन वर्षं झाली. फाट्याजवळचं त्यांचं पत्र्याचं शेड भाऊ आता मोडणार होता, आणि आतल्या हत्यारांतलं काय ठेवायचं, काय भंगारात घालायचं हे ठरवायला त्यानं मला बोलावलं होतं.

मामांना सगळा परिसर मिस्त्रीच म्हणायचा. ऑइल इंजिन, कडबाकुट्टी, ट्रॅक्टरची ट्रॉली, पिठाची गिरणी, जे बंद पडेल ते त्यांच्या दारात यायचं. उन्हाळ्याच्या सुटीत मी दिवसभर त्या शेडमध्ये असे. मामा इंजिन खोलायला बसले की आधी जमिनीवर एक रिकामं पोतं अंथरायचे. काढलेला पहिला नट पोत्याच्या डाव्या कोपऱ्यात, त्याच्या शेजारी वॉशर, मग झाकण, मग गॅस्केट. एक ओळ भरली की खाली दुसरी. माझं काम राखणीचं. बेअरिंगचे छर्रे दाणे समजून कोंबड्या टिपतील म्हणून मी काठी घेऊन बसायचो. सगळं खोलून, रॉकेलनं धुऊन झालं की मामा म्हणायचे, "आता काढलं तसं उलटं बसव. शेवटचं पहिल्यांदा." त्यांनी कुठल्या इंजिनाचं पुस्तक कधी उघडलेलं मी पाहिलं नाही. पोत्यावरची ओळ हेच त्यांचं पुस्तक होतं.

दुपारी जेवण झाल्यावर शेडकडं जायच्या आधी मी गावात चक्कर मारायला निघालो. चारठाण्यात आलो की पाय आपोआप गोकुळेश्वराकडं वळतात. जुन्या जाणत्यांच्या तोंडी या गावाचं नाव चारुक्षेत्र असंही येतं, आणि इथं एकेकाळी तीनशे साठ देवळं होती असं गावकरी सांगतात. आकडा सोडून देऊ. पण गावातून नुसतं चाललं तरी तो कुठून आला असेल ते कळतं. कुणाच्या ओट्याला कोरीव दगड आहे, कुणाच्या गोठ्याच्या भिंतीत वेलबुट्टीचा पट्टा आडवा बसवलेला आहे, पिंपळाखाली अर्धी झिजलेली मूर्ती शेंदूर लावून उभी आहे. गोकुळेश्वराचं देऊळ आणि त्याची पायऱ्या उतरत जाणारी बारव पाहिली की यादवकाळातल्या पाथरवटांचा हात किती सफाईचा होता ते दिसतं.

आपण अशा देवळांना सरसकट हेमाडपंती म्हणतो. पण ज्याच्या नावावरून तो शब्द आला तो यादवांचा करणाधिप हेमाद्री तेराव्या शतकातला, आणि या पद्धतीची कितीतरी देवळं त्याच्या आधीची आहेत. बांधकामाच्या अंगानं नेमका शब्द आहे शुष्कसांधी. चुना नाही, माती नाही. एका दगडाला कुसू, दुसऱ्याला खाच. एक दुसऱ्यात बसतो आणि वरचं वजन दोघांना धरून ठेवतं. खांबाची बैठक, खांब, वरचं शीर्ष, तुळई, छताची शिळा असा एकेक भाग खाली बसून घडवायचा आणि मग जागेवर चढवायचा. देऊळ म्हणजे घडवलेल्या सुट्या भागांची जोडणी.

बारवेच्या काठाशी एक खांबाचं शीर्ष आडवं पडलेलं होतं. त्याच्या माथ्यावरच्या चौकोनी खाचेत मी बोटं घातली. आतल्या कडा अजून धारदार होत्या. बाहेरचा चेहरा उन्हापावसानं पुसला गेला होता, पण जी बाजू कधीच कुणाला दिसणार नव्हती ती टाकीच्या घावांसकट जशीच्या तशी राहिली होती. या खाचेत बसणारा कुसू कुठं गेला? गावातल्या कुठल्या तरी भिंतीत असेल. चारठाण्यात सुटे भाग जिकडंतिकडं आहेत, पण ते कुठल्या क्रमानं सुटले हे सांगणारं पोतं कुणी अंथरलेलं नाही.

त्या खाचेत बोटं असतानाच मला वेल्समधलं गॅरेज आठवलं.

काही वर्षांपूर्वी फॅब्रिकेशनच्या कामासाठी मी कार्डिफला होतो. ज्यांच्या घरी भाड्यानं राहत होतो ते काका निवृत्त झालेले. त्यांच्या गॅरेजात ताडपत्रीखाली एक छोटी, बसकी, दोन दारांची मोटार होती. नाव गिलबर्न. नाकावर वेल्सचा लाल ड्रॅगन. एका रविवारी त्यांनी मला हाताखाली घेतलं, आणि गाडीचा मागचा ॲक्सल खोलायच्या आधी फरशीवर एक जुनं घोंगडं अंथरलं. पहिला नट डाव्या कोपऱ्यात. मी बघतच राहिलो. चारठाण्यातून सात-आठ हजार किलोमीटरवर मामांचं पोतं माझ्यासमोर पसरलेलं होतं.

पुढच्या रविवारी ते मला गिलबर्नचं गाव दाखवायला घेऊन गेले. कार्डिफपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, पाँटिप्रिदच्या जवळ, लँटविट फार्ड्रे नावाचं गाव आहे. हा सगळा कोळशाच्या खाणींचा मुलूख. डोंगरांच्या बेचक्यांत दगडी घरांच्या ओळी, आणि खाणी बंद झाल्यावर हिरवे झालेले ढिगारे. इथं शेजारच्या चर्च व्हिलेजमध्ये जाइल्स स्मिथ नावाच्या खाटकाचं दुकान होतं. त्याला स्वतः जोडायची एक किट कार घ्यायची होती. त्याची गाठ पडली बर्नार्ड फ्रीझ या जर्मन इंजिनिअरशी. फ्रीझला फायबरग्लासचं काम येत होतं आणि त्यानं स्वतःसाठी एक गाडी बनवलेलीही होती. दुसऱ्याचं किट विकत घेण्यापेक्षा आपणच एक गाडी बनवू, असं दोघांनी ठरवलं. दुकानाच्या मागच्या जागेत ती तयार झाली. एका स्थानिक रेसिंग ड्रायव्हरनं ती पाहिली आणि सांगितलं, ही एकच करून थांबू नका. १९५९ मध्ये जाइल्सचं गिल आणि बर्नार्डचं बर्न जोडून कंपनीचं नाव झालं गिलबर्न. पुढं कारखाना गेला रेड ॲश या बंद पडलेल्या खाणीच्या आवारात. आपल्याकडं बंद जिनिंगच्या आवारात एखादं वर्कशॉप सुरू व्हावं, तसंच.

खाटीक आणि इंजिनिअर मोटार बनवू शकले, याला दोन कारणं होती, आणि दोन्ही समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं कारण फायबरग्लास. मोठा कारखाना पत्र्याची बॉडी करतो तेव्हा त्याला प्रचंड प्रेस आणि महागडे साचे लागतात. हजारोंनी गाड्या खपल्या तरच तो खर्च निघतो. फायबरग्लासला एक साचा, काचतंतूंची जाळी, रेझिन आणि ब्रश पुरतो. साचा आतून पॉलिश करायचा, त्यावर आधी रंगाचा गुळगुळीत थर द्यायचा, मग जाळी आणि रेझिनचे थर चढवायचे, आणि वाळल्यावर साच्यातून अख्खा भाग सोडवायचा. म्हणजे जो थर जगाला दिसणार तो सगळ्यात आधी घालायचा. काकांनी गाडीचं बॉनेट उचलून मला दिलं तेव्हा मी त्यावरून दोन्ही बाजूंनी हात फिरवला. वरून अंड्याच्या कवचासारखं, आणि आतून गोधडीच्या उलट्या बाजूसारखं, तंतू न् तंतू हाताला लागणारं. त्या खडबडीत बाजूवर पन्नास वर्षांपूर्वी कुणाचा तरी ब्रश फिरल्याची वळणं तशीच होती.

दुसरं कारण कर. ब्रिटनमध्ये त्या काळी नव्या मोटारीवर खरेदी कर असे आणि १९५० च्या दशकात बराच काळ तो पन्नास टक्क्यांच्याही वर होता. पण सुट्या भागांच्या रूपात विकलेल्या गाडीला तो लागत नसे. म्हणून बंद खाणी, जुने तबेले, गावाकडच्या शेड यांतून छोट्या छोट्या मोटार कंपन्या उगवल्या. सफोकमध्ये वॉकलेट बंधूंनी १९५८ मध्ये गिनेटा सुरू केली. जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी १९५९ मध्ये मार्कोस काढली आणि तिची चासीच प्लायवुडची केली. कॉलिन चॅपमन यांची १९५७ ची लोटस सेव्हन तर या सगळ्यांत गाजली. तिची एक गोष्ट काका हमखास सांगायचे. किटसोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर ती तयार गाडी धरून कर लागेल, अशी अडचण होती. तेव्हा गाडी उकलायची कशी याच्या सूचना दिल्या गेल्या. गिऱ्हाईकानं त्या शेवटापासून सुरुवातीकडं वाचायच्या. ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "काढलं तसं उलटं बसव." मग काकांना मामांची सगळी हकिकत सांगावी लागली.

गिलबर्नचं किट तसं बरंच पुढारलेलं होतं. चौकोनी पोलादी नळ्यांची चासी, तिच्यावर बसवलेली बॉडी, रंग, काचा, वायरिंग, सीट हे सगळं कारखान्यातूनच यायचं. गिऱ्हाईकानं इंजिन, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि चाकं बसवायची. हात सवयीचा असेल तर शनिवार-रविवारचं काम. इंजिन स्वतः बनवायच्या भानगडीत कंपनी पडली नाही. सुरुवातीच्या जीटी मॉडेलमध्ये बीएमसीची इंजिनं आली, पुढं एमजीची. १९६६ च्या जिनीमध्ये आणि १९६९ च्या इन्व्हेडरमध्ये फोर्डचं व्ही-सिक्स बसलं. मोठ्या कारखान्यांचं काळीज घ्यायचं आणि त्याला आपल्या हाताचं शरीर द्यायचं, ही या धंद्याची रीत.

१९६८ मध्ये कंपनी दुसऱ्या समूहाकडं गेली. जाइल्स स्मिथ बाहेर पडला, काही काळानं फ्रीझही. मग १ एप्रिल १९७३ ला ब्रिटनमध्ये खरेदी कर जाऊन मूल्यवर्धित कर आला आणि तो किटलाही लागू झाला. ज्या सवलतीच्या आधारावर हा धंदा उभा होता ती एका दिवसात संपली. त्याच वर्षी गिलबर्नचं उत्पादन थांबलं. चौदा वर्षांत सुमारे हजार गाड्या. मोठ्या कारखान्याला हा एका दिवसाचा आकडा. पण त्यातल्या कितीतरी आजही चालतात, कारण त्या ज्यांच्याकडं आहेत त्यांना आपल्या गाडीचा प्रत्येक सांधा माहीत आहे. काकांची गाडी आम्ही मार्चमध्ये सुरू केली. गॅरेजबाहेर धुराचा एक लोट निघाला आणि काकांनी माझा खांदा दाबला. एवढंच. त्या माणसाला मनातलं बोलून दाखवायची सवय नव्हती.

बारवेच्या पायरीवर बसून हे सगळं आठवत होतो, आणि मनात एक हळहळ होती. आपल्याकडं हे का झालं नाही? हात तर आपल्याकडं कमी नव्हते.

मोटार आपल्याकडं आली तीच मुळी पेट्यांतून. १९२८ मध्ये जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला कारखाना काढला तो सुट्या भागांची जोडणी करण्यासाठी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्यात पहिल्या गाड्या जोडल्या त्याही परदेशी सुट्या भागांतूनच. पुढं सरकारनं ठरवलं की नुसती जोडणी करणाऱ्यांनी एकतर इथं उत्पादन करावं किंवा गाशा गुंडाळावा, आणि १९५४ मध्ये जनरल मोटर्सनं शिवडीचं काम बंद केलं. देशाला स्वतःचा उद्योग हवा होता. तो निर्णय मला समजतो. पण त्यासोबत आलेल्या परवान्यांच्या व्यवस्थेत मोटार बनवायची मुभा दोन-तीन मोठ्या घरांपुरती उरली. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी मीरा नावाची छोटी मोटार स्वतःच्या हिमतीवर बनवली, दोन-तीन दशकं तिचे एकाहून एक सुधारलेले नमुने रस्त्यावर चालवून दाखवले. कमी खर्चात, सामान्य कुटुंबाला परवडेल अशी ती गाडी व्हावी हा त्यांचा ध्यास होता. कारखाना मात्र उभा राहिला नाही. जाइल्स स्मिथ आणि शंकरराव साधारण एकाच काळातले. एकाला कायद्यात फट सापडली, दुसऱ्याला भिंत लागली.

नंतरच्या काळात आपल्या महाराष्ट्रातच, अलिबागजवळ कार्लेखिंडीला, गिडो आणि शमा बोथे या दांपत्यानं चिंकारा मोटर्स उभारली. लोटस सेव्हनच्या वळणाची त्यांची रोडस्टर, नळ्यांची चासी, फायबरची बॉडी, आणि इंजिन काँटेसात येत असे ते १.८ लिटरचं इसुझू. वेल्समधली तीच रीत कोकणच्या किनाऱ्यावर. आणि सांगली जिल्ह्यात देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या भागांतून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली, ती तर सगळ्या महाराष्ट्रानं मोबाइलवर पाहिली. आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात त्यांना २०२२ मध्ये नवी बोलेरो दिली. लोहारांच्या घरी नवी गाडी आली याचा मला मनापासून आनंद झाला. तरी वाटलं, त्यांनी बनवलेली गाडी रस्त्यावर आणायचा सरळ मार्ग त्यांना मिळाला असता तर तो सन्मान अजून मोठा असता. ब्रिटनमध्ये घरी बनवलेली एकच गाडी तपासणीला नेता येते. ब्रेक, दिवे, कडा, सगळं पाहून अधिकारी तिला रस्त्याचा परवाना देतात. आपले नियम कारखानदार डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. नमुना गाडीची पूर्ण चाचणी एका गावच्या मिस्त्रीला झेपणारी नाही. पुण्याला एआरएआय आहे, नगरला व्हीआरडीई आहे, दोन्ही वाहनांची चाचणी करणाऱ्या संस्था. गाड्या तपासण्याचं देशातलं उत्तम ज्ञान आपल्याच राज्यात आहे. त्या दारात एखादा लोहार, एखादा मिस्त्री आपली एकुलती एक गाडी घेऊन उभा राहू शकावा. सुरक्षेत तडजोड नको. पण दार हवं.

ऊन उतरलं तसा शेडकडं गेलो. आत भावाचा मुलगा बसला होता, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समोर पेट्रोलवर चालणारा फवारणी पंप उघडा पडलेला. खाली तेच पोतं, तेलानं काळं झालेलं. मी ओळीकडं पाहिलं तर भाग कसेही पडलेले. मन खट्टू झालं.

"अरे, आजोबा ओळीनं मांडायचे," मी म्हणालो.

"मांडलेत की काका," म्हणाला आणि मोबाइल पुढं केला. प्रत्येक भाग काढायच्या आधी त्यानं एकेक फोटो घेतला होता. अठ्ठावीस फोटो. "आता मागून पुढं बघत जायचं. शेवटचा फोटो पहिल्यांदा."

मी त्याच्याजवळ बसलो. तो फोटो सरकवत गेला, मी भाग उचलून देत गेलो. कार्ब्युरेटरचं छोटं स्प्रिंग, फ्लोट, झाकण. दिवेलागणीला पंप सुरू झाला. मामेभाऊ दारात येऊन उभा होता; हत्यारांचं काय करायचं हे त्यानं मला पुन्हा विचारलं नाही.

रात्री जेवताना मी त्या पोराला बारवेजवळच्या खाचेबद्दल सांगितलं. सकाळी तो माझ्या आधी तयार होता. हातात टेप, वही आणि मोबाइल. देवळाच्या आवारातल्या दगडांना आम्ही हलवलं नाही. ते काम पुरातत्त्व खात्याचं. आम्ही फक्त गावात फिरलो. ज्या ओट्याला, ज्या भिंतीला कोरीव दगड दिसेल त्या घरच्या माणसाला विचारायचं, फोटो काढायचा, दगडाची खाच किंवा कुसू दिसत असेल तर लांबी-रुंदी मोजून लिहायची. एका आजींनी चहा पाजला आणि गोठ्यातल्या म्हशी बाजूला बांधून आम्हाला मागची भिंत दाखवली. तिथं चाऱ्याच्या आड एक दगड होता, आणि त्याच्या टोकाला पुढं आलेला चौकोनी कुसू, एक कोपरा फुटलेला. पोरानं गुडघे टेकून टेप लावला.

"काका, लिवा," म्हणाला. मी वही उघडली आणि आकडा लिहिला. तो बारवेजवळच्या खाचेशी जुळतो का हे आम्ही दुपारी पाहणार होतो.